‘म्हणे’चे काय करावे? : आंबागडच्या नोंदीच्या निमित्ताने

आपल्या समीक्षेने ‘संहिता’ ही संकल्पना स्वीकारून आता बराच काळ लोटला आहे. कथा, कविता, कादंबरी यांच्या वाचनात निवेदकाचा आवाज, संहितेतील रिकाम्या जागा, एका संहितेत उमटणारे दुसरीचे पडसाद या गोष्टींची चर्चा पदव्युत्तर वर्गांतूनही होऊ लागली आहे. मात्र ही चर्चा करताना आपण ज्यांचा आधार घेतो त्या कोशांकडे, गॅझेटिअरांकडे, सूचींकडे, अहवालांकडे आणि माहितीपुस्तिकांकडे संहिता म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. ती आपल्या लेखी ‘साधने’ असतात. साधन वापरावयाचे असते, वाचावयाचे नसते, असा एक न बोललेला संकेत आपण पाळीत आलो आहोत. प्रस्तुत लेखात या संकेताविषयी काही म्हणावयाचे आहे, आणि ते एका लहानशा नोंदीच्या आधाराने म्हणावयाचे आहे; कारण अशा विषयावर सर्वसामान्य विधाने करणे फार सोपे असते.

नोंद आहे आंबागडची. भंडारा जिल्ह्यात, तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरांवर, सातपुड्याच्या रांगेतील एका टेकडीवर हा गड आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने जिल्ह्याविषयीच्या माहितीग्रंथासाठी या गडावर दीडशे शब्दांची नोंद लिहून द्यावी, असे मला सुचविले. सोबतच्या सूचनापत्रात स्पष्ट म्हटले होते, की नवे संशोधन अपेक्षित नाही. उपलब्ध संदर्भांवरून नोंद सिद्ध करावी. मी मराठीचा अध्यापक, इतिहासाचा नव्हे. परंतु हे काम मला परके वाटले नाही. किंबहुना तांत्रिक आणि माहितीपर लेखनाचा फार मोठा भाग असाच असतो. औषधाच्या खोक्यातील पत्रक लिहिणारा स्वतः औषध शोधून काढीत नाही. धानाच्या रोगांवर शेतकऱ्यांसाठी पुस्तिका लिहिणारा प्रत्येक रोग स्वतःच्या बांधीत पाहून लिहीत नाही. धरणाच्या प्रकल्प-अहवालातील भूगर्भाविषयीचे प्रकरण पूर्वीच्या सर्वेक्षणांवर उभे असते. असे लेखन ‘लिहिलेल्यावरून लिहिणे’ असते. ते कमी प्रतीचे आहे असे मला वाटत नाही. प्रश्न इतकाच, की लिहिलेल्यावरून लिहिताना नेमके काय उचलले जाते आणि काय मागे राहते.

आंबागडाविषयी जी माहिती संदर्भग्रंथांतून हाती येते, ती थोडकी आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा, ज्याच्याकडे नागपूर शहराच्या स्थापनेचे श्रेय जाते, त्याच्या राजा खान पठाण या सुभेदाराने सुमारे १७०० मध्ये हा गड बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि रघूजी भोसल्यांनी त्याचा तुरुंगासारखा उपयोग केला. तेथील कैद्यांना गडावरील विहिरीचे विषारी पाणी पिण्यास भाग पाडून मारले जात असे, असे सांगतात. त्यानंतर गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. एवढेच. या चार-पाच वाक्यांपलीकडे बहुतेक ठिकाणी काही मिळत नाही आणि ही चार-पाच वाक्ये बहुतेक ठिकाणी मिळतात. प्रवासवर्णनात, किल्ल्यांवरील पुस्तकांत, शालेय प्रकल्पांत आणि आता महाजालावर ती थोड्याफार फरकाने भेटत राहतात.

ही वारंवारिता पहिल्या दृष्टीला आश्वासक वाटते. दहा ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली असेल तर ती खरी असणार, असे मन म्हणते. परंतु पाठचिकित्सेचे प्राथमिक शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते, की प्रती मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची जी घडी बसविली, तिच्यामागील एक मूलभूत विचार हाच आहे. एका प्रतीवरून नकललेल्या दहा प्रती या दहा साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष दहा वेळा नोंदविलेली असते. प्रतींचे नाते ओळखावयाचे कसे? तर समान चुकांवरून. बरोबर पाठ दोन लेखकांना स्वतंत्रपणे सापडू शकतो, पण एकच विशिष्ट चूक दोघे स्वतंत्रपणे करतील हे संभवत नाही. हे तत्त्व आपण पोथ्यांना लावतो, मुद्रित संदर्भग्रंथांना लावीत नाही. छापील अक्षराभोवती जी अधिसत्ता असते, ती आपल्याला वंशवृक्ष विचारू देत नाही.

आणि गॅझेटिअरांचा वंशवृक्ष तर त्यांच्या मुखपृष्ठांवरच लिहिलेला असतो. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निवर्तले, नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. चार्ल्स ग्रँट यांनी संपादिलेले मध्य प्रांतांचे गॅझेटिअर १८७० चे, हंटर यांच्या इंपीरियल गॅझेटिअरची पहिली आवृत्ती १८८१ ची, आर. व्ही. रसेल यांचे भंडारा जिल्हा गॅझेटिअर १९०८ चे आणि महाराष्ट्र शासनाचे भंडारा जिल्हा गॅझेटिअर १९७९ चे. या प्रकारच्या ग्रंथमालेत पुढचा ग्रंथ मागच्याला टाकून देत नाही. तो त्याला पुढे चालवितो, त्यात भर घालतो, आकडे बदलतो. यात गैर काही नाही. कोशरचनेची ती रीतच आहे. मात्र यामुळे मागच्या ग्रंथातील एखादे वाक्य पुढच्या ग्रंथात येते तेव्हा त्याचा काळ बदललेला असतो आणि वाक्य मात्र तेच राहते. साधे उदाहरण घेऊ. ‘भंडारा जिल्हा’ हा शब्दप्रयोगच पाहा. १८६७ नंतर बालाघाट हा निराळा जिल्हा आकारास आला तेव्हा भंडाऱ्याचा काही मुलूख तिकडे गेला. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. १९०८ चा, १९७९ चा आणि आजचा भंडारा जिल्हा हे तीन निरनिराळे भूप्रदेश आहेत. ‘जिल्ह्याच्या मध्यभागी’ किंवा ‘जिल्ह्यातील सर्वांत मोठा’ असे जुने शब्द आज जसेच्या तसे उचलणारा लेखक खोटे लिहीत नाही. त्याने दुसऱ्या एका जिल्ह्याविषयी खरे लिहिलेले असते.

नावांचेही तसेच आहे. इंग्रजी साधनांतील ‘आंबागढ’ हे रूप घेऊन सूची चाळू लागले, की छत्तीसगडमधील ‘अंबागढ चौकी’ समोर येते. ते ठिकाण निराळे. २०२२ मध्ये मोहला-मानपूर-अंबागढ चौकी या नावाचा जिल्हाच तेथे झाला आहे. दुसरे नाव राजा खान पठाणाचे. देवनागरीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेद नसल्यामुळे आणि ‘राजा’ हा आपल्याकडे उपाधीचा शब्द असल्यामुळे घाईत वाचणारा या सुभेदाराला राजेपण बहाल करतो आणि ‘खान राजाने बांधलेला किल्ला’ अशी एक नवी माहिती जन्माला येते. तिसरे नाव रघूजी भोसल्यांचे. नागपूरच्या गादीवर रघूजी नावाचे तीन राजे झाले: पहिले १७५५ मध्ये वारले, दुसरे १८१६ मध्ये, तिसरे १८५३ मध्ये. ज्या नोंदीत नुसते ‘रघूजी भोसले’ आहे तेथे ‘पहिले’ हा शब्द घालणे लेखकाला नेमकेपणाचे वाटते. वस्तुतः तो नेमकेपणा संदर्भातून आलेला नसून लेखनप्रकाराच्या अपेक्षेतून आलेला असतो. माहितीपर लेखनाला संदिग्धता सहन होत नाही. ती मिटविण्यासाठी ते लेखकाला हळूच कल्पनाशक्ती वापरावयास लावते. ललित लेखनावर आपण जो आरोप करतो तो येथे अधिक लागू पडतो, हे थोडे विनोदी आहे.

‘सुमारे’ या शब्दाची गतही अशीच होते. बख्त बुलंद शहाची कारकीर्द सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी येते. ‘सुमारे १७००’ हा त्या कारकिर्दीवरून बांधलेला गोल आकडा आहे हे उघड दिसते. ‘सुमारे’ गळला, की तो आकडा इसवी सन होतो. मैलांचे किलोमीटर करतानाही हेच घडते. एखाद्या जुन्या नोंदीत ‘आठ मैल’ असेल, तर ते घोड्यावरून अगर खाचराने जाणाऱ्या माणसाचे ‘आठ मैल’ आहेत, त्यांचे ‘१२.८७ किलोमीटर’ केल्याने अंतर अचूक होत नाही, केवळ अचूकतेचा आविर्भाव निर्माण होतो.

परंतु या सर्वांहून मला महत्त्वाचे वाटते ते कैद्यांविषयीचे वाक्य. वर सांगितलेल्या नोंदीतील विधाने तीन प्रकारची आहेत. गड टेकडीवर आहे, त्याला तटबंदी आहे, हे पाहिलेले आहे. तो सुमारे १७०० मध्ये बांधला, हे अनुमानाने काढलेले आहे. कैद्यांना विषारी पाणी पाजले, हे ऐकलेले आहे. पाहिलेले, ताडलेले आणि ऐकलेले. तिन्ही विधाने एका परिच्छेदात, एकाच क्रियापदरूपात, एकाच सुरात येतात. ‘आहे’, ‘बांधला’, ‘मारले जात असे’. भेद सांगणारा एकच धागा तेथे असतो आणि तो म्हणजे ‘असे सांगतात’. तो तुटला, की ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या रांगेत जाऊन बसते.

मी पाठविलेल्या नोंदीची मुद्रिते परत आली तेव्हा नेमके हेच दोन शब्दसमूह खोडलेले होते: ‘सुमारे’ आणि ‘असे सांगतात’. समासात सौजन्याने लिहिले होते, की संदर्भग्रंथातील वाक्य ठाम असावे, सांगोवांगीची भाषा कोशाला शोभत नाही. शेरा लिहिणारी व्यक्ती निष्काळजी नव्हती. तिने माझी दोन शुद्धलेखनाची स्थळे सुधारली होती, एका वाक्याचा अन्वय सरळ केला होता. तिच्यासमोर प्रमाण गद्याची एक प्रतिमा होती आणि त्या प्रतिमेला अनुसरून तिने काम केले होते. म्हणूनच मला त्या शेऱ्याचा विचार करावासा वाटला. दोष व्यक्तीचा नसून आपल्या प्रमाण गद्याचा आहे, असे माझे मत झाले.

मराठीत या कामासाठी एक अतिशय नेमका शब्द आहे: ‘म्हणे’. जुन्या मराठीत तो वर्तमानकाळी क्रियापद होता. आज ‘तो म्हणे आजारी आहे’ या वाक्यात तो कर्त्याशी सुसंगत राहत नाही, अव्ययासारखा गोठला आहे. त्याचे कार्य एकच: हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे, याची खूण करणे. अनेक भाषांना हे सांगण्यासाठी आख्खे उपवाक्य लागते; आपण ते दोन अक्षरांत करतो. या शब्दाला दुसरीही धार आहे. ‘मोठा विद्वान म्हणे!’ यात अविश्वास आहे, उपहास आहे. बहुधा या दुसऱ्या धारेमुळेच औपचारिक लेखनाने त्याला बाहेर ठेवले असावे. परिणाम मात्र विचित्र झाला. चावडीवर बोलणारा माणूस आपल्या ज्ञानाचा उगम प्रत्येक वाक्यात सांगतो आणि कोशात लिहिणारा तो लपवितो. आंबागडच्या परिसरात ही गोष्ट मी विचारली तेव्हा सांगणाऱ्यांनी तिला ‘म्हनतेत’ जोडल्याशिवाय ती पुरी केली नाही. येथील झाडीबोलीत, जिच्या अभ्यासासाठी डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दीर्घकाळ परिश्रम घेतले, ‘ण’चा ‘न’ होतो. पण साक्षीचा धर्म तिने सोडलेला नाही. बोली या बाबतीत प्रमाणभाषेपेक्षा अधिक शास्त्रीय आहे, असे मी म्हणतो तेव्हा त्यात भावुकता नाही.

वोलोशिनोव्ह यांनी १९२९ मधील आपल्या ग्रंथात दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात घेण्याच्या रीतींची चर्चा केली आहे. दोन बोलण्यांतील सीमा कोठे स्पष्ट राखली जाते आणि कोठे पुसली जाते, यावरून त्या समाजाचा शब्दाकडे पाहण्याचा दृष्टिकोन कळतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. फूकोनेही १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात दाखविले, की आधुनिक काळात साहित्याला लेखकाचे नाव अपरिहार्य झाले, तर शास्त्रीय विधान निनावीपणे स्वीकारले जाऊ लागले. हे निनावीपण शास्त्राला परवडते, कारण तेथे विधान पुन्हा तपासता येते. प्रयोग कोणीही करून पाहावा. आंबागडच्या कैद्यांच्या बाबतीत तसा प्रयोग शक्य नाही. तेथे सांगणारा हाच एक पुरावा आहे. शास्त्राकडून निनावीपणाचा डौल घ्यावयाचा आणि तपासण्याची सोय मात्र घ्यावयाची नाही, अशी आपल्या माहितीपर गद्याची अवस्था झाली आहे.

या प्रश्नाचा विचार आपल्या परंपरेत झालेला नाही असेही नाही. ‘आप्तोपदेश म्हणजे शब्दप्रमाण’ अशी व्याख्या करणाऱ्या न्यायदर्शनापुढे ‘ऐतिह्य’ हे निराळे प्रमाण मानावे काय, असा प्रश्न आला होता. ऐतिह्य म्हणजे मूळ सांगणारा कोण हे निश्चित नसताना परंपरेने चालत आलेले सांगणे. या वडावर यक्ष राहतो, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. नैयायिकांनी ऐतिह्याला स्वतंत्र स्थान न देता शब्दप्रमाणातच अंतर्भूत केले. परंतु येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्याला वेगळे नाव देऊन, वेगळे ओळखून मग त्यांनी हा निर्णय घेतला. आपण ओळखण्याची पायरीच गाळतो. वडावरील यक्ष आणि गडावरील विहीर यांत एक मोठा फरक आहे आणि तो मी विसरू इच्छीत नाही. पण दोन्ही विधानांची ज्ञानशास्त्रीय जात एक आहे.

आणि मराठी गद्याच्या अगदी आरंभी या जातीच्या विधानांची जी व्यवस्था लावली गेली, ती पाहिली की आजचे गद्य मागे गेल्यासारखे वाटते. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध करताना चक्रधरांना पाहिलेल्या व्यक्तींना गाठून त्यांच्याकडून लीळा मिळविल्या, नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. संदर्भ जमविण्याची ही पद्धत आजच्या कोणत्याही क्षेत्रकार्याच्या तोडीची आहे. परंतु मला अधिक मोलाची वाटते ती पुढील परंपरा. आठवणीत भेद पडला तेव्हा महानुभावांनी एक पाठ खरा ठरवून बाकीचे पुसले नाहीत. हिराइसांचा पाठ, परशरामबासांचा पाठ असे ज्याचे त्याच्या नावावर ठेवले. भिन्न आठवणीला ‘वासना’ असे पारिभाषिक नाव दिले. ज्या ग्रंथात आपल्या परमेश्वराचे चरित्र आहे, तेथेही ‘अमुक असे म्हणतो’ हे नोंदविण्यास ही मंडळी कचरली नाहीत. श्रद्धेला त्यामुळे बाध आला नाही. उलट या नोंदींमुळेच तो ग्रंथ आज आपल्याला विश्वसनीय वाटतो. चक्रधरांच्या शिष्यांतील निळभट भांडारेकार हे या भंडाऱ्याचेच. ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते या नागपूरच्या अभ्यासकांनी या ग्रंथाच्या संपादनाचे जे काम केले त्याचा विद्यापीठीय अभ्यासाला केवढा आधार आहे हे येथे सांगावयास नको. सांगावयाचे ते एवढेच, की साक्षीदाराचे नाव राखण्याची शिस्त आपल्याकडे पश्चिमेकडून आलेली नाही.

आधुनिक काळात श्रीधर व्यंकटेश केतकरांनी नागपुरात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम उभे केले आणि पुढे पुण्यातून १९२० च्या दशकात त्याचे खंड प्रसिद्ध केले, तेव्हा परकीय ज्ञानकोशाचे भाषांतर करून मराठी वाचकाचे भागणार नाही, ही त्यांची भूमिका होती. ज्ञानाचा वक्ता बदलला पाहिजे, असा तिचा अर्थ. मराठी विश्वकोशाने १९७६ च्या पहिल्या खंडापासून २०१५ च्या विसाव्या खंडापर्यंत नोंदीखाली लेखकाचे नाव आणि संदर्भ देण्याची प्रथा सांभाळली. ही प्रथा मोलाची आहे, पण पुरेशी नाही. नोंदीच्या शेवटी दिलेली ग्रंथांची यादी ‘हे कोठून घेतले’ याचे उत्तर देते. ‘यातील कोणते वाक्य किती खात्रीचे’ याचे उत्तर वाक्याच्या आतच द्यावे लागते. संदर्भसूची हा नोंदीचा पत्ता झाला; ‘म्हणे’ ही तिची नाडी आहे.

आता त्या पाण्याविषयी. ‘विषारी’ या शब्दापाशी मी बराच काळ अडलो. विहिरीत विष कालविले जात होते काय? की साचलेले, कुजलेले पाणी पिऊन माणसे रोगाने मरत होती? आजच्या वाचकाला ‘विषारी’ म्हटले की रसायन आठवते. परंतु पटकीचा प्रसार पाण्यातून होतो हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये १८५४ च्या साथीत दाखविल्यानंतरही ते सर्वमान्य होण्यास वेळ लागला आणि कॉख यांनी पटकीचा जंतू ओळखला तो १८८३-८४ मध्ये. त्यापूर्वी लिहिणारा मनुष्य घाण पाण्याला विषारी म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दूषित हवा, कुजणे, दुर्गंधी यांचा एकत्रित विचार असतो. शिवाय मराठीत ‘पाणी बाधणे’, ‘पाणी लागणे’ असे प्रयोग आहेत. एखाद्या गावचे पाणी लागते म्हणजे तेथील राहणे प्रकृतीला मानवत नाही. त्यात पाणी, हिवताप, जंगल, दमट हवा सारे येते. गडाचे पाणी लागून कैदी मरत, असे कोणी सांगितले असेल आणि ते इंग्रजी लेखणीतून जाऊन ‘विषारी पाणी’ होऊन परत आले असेल, अशी एक शक्यता मला दिसते. ती शक्यताच आहे; तिला पुरावा नाही आणि म्हणून ती मी नोंदीत घातली नाही, येथे मांडतो आहे. संदर्भ वापरणाऱ्याने आपली शंका कोठे लिहावी आणि कोठे लिहू नये, हाही त्या शिस्तीचाच भाग आहे.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. पराभूत राजाच्या क्रौर्याच्या कथा जपून ठेवण्यात नव्या राज्यकर्त्यांचा स्वार्थ असतो. एदवर्द सैद यांच्या १९७८ च्या ग्रंथानंतर वसाहतकालीन ज्ञानाकडे या दृष्टीने पाहणे आपल्याला परिचित झाले आहे. ज्यांनी नागपूरचे राज्य खालसा केले त्यांच्या गॅझेटिअरांनी भोसल्यांच्या तुरुंगाची कथा वाढवून सांगितली असेल. मग ती गाळूनच का टाकू नये? मला हा युक्तिवाद पुरता पटत नाही. त्या गडावर खरोखर माणसे डांबली गेली असतील, पाण्यावाचून किंवा पाण्याने मेली असतील, तर त्यांची नावे कोठेही नाहीत. त्यांनी अर्ज लिहिले नाहीत, त्यांच्या बखरी झाल्या नाहीत. ‘असे सांगतात’ एवढ्याच आधारावर ती माणसे आपल्यापर्यंत आलेली आहेत. वाक्य ठाम केले तर आपण एका राजावर पुराव्यावाचून खुनाचा आरोप करतो. वाक्य गाळले तर त्या कैद्यांचा होता नव्हता तो मागमूस पुसतो. दोन्ही टाळण्याचा मार्ग एकच दिसतो: जसे आले तसे, सांगणाऱ्यासकट पुढे देणे. ‘म्हणे’ हा शब्द अविश्वास दाखविण्यासाठी नाही. कोणीतरी हे सांगत आले आहे, या वस्तुस्थितीची ती नोंद आहे. ती वस्तुस्थिती मात्र पूर्णपणे खरी आहे.

गडावर मी दोनदा जाऊन आलो. तेथे उभे राहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे नमूद केले पाहिजे. पडझड झालेल्या भिंती, बुरूज, भोवतीचे रान दिसते. कैदी दिसत नाहीत. प्रत्यक्ष पाहणे हे संदर्भाला पर्याय नसते. पाहिल्याने फक्त एवढे कळते, की नोंदीतील कोणती वाक्ये पाहून लिहिता येतात आणि कोणती कधीच पाहून लिहिता आली नसती. माझ्या मते संदर्भावर लिहिणाऱ्याचे पहिले काम ही वाटणी करणे हेच आहे. त्यानंतर साधने कालानुक्रमे लावावीत, कोणते कोणावर अवलंबून आहे ते पाहावे, सर्वांत जुन्या साक्षीपर्यंत जावे, आणि तेथे जे क्रियाविशेषण, जे ‘सुमारे’, जे ‘असे सांगतात’ असेल ते आकड्याइतक्याच काळजीने उतरवून घ्यावे. आकडा चुकला तर कोणीतरी दुरुस्त करतो. गळलेले ‘असे सांगतात’ कोणाच्या लक्षात येत नाही, कारण त्याच्या गळण्याने वाक्य अधिक चांगले दिसू लागते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे काम अधिक नीट करता येईल, असे मला वाटते. निवेदक आणि लेखक यांतील फरक, उद्धृत आणि स्वगत यांतील फरक, सुराची चढउतार या गोष्टी ओळखण्याचेच शिक्षण त्यांना दिलेले असते. ते शिक्षण कादंबरीपुरते राखून ठेवण्याचे कारण नाही. गॅझेटिअरलाही निवेदक असतो. फक्त तो आपण नाही असे भासवितो.

मी ‘सुमारे’ आणि ‘असे सांगतात’ ही दोन्ही स्थळे पुन्हा घालून मुद्रिते परत पाठविली. ग्रंथ निघाला तेव्हा त्यांतील पहिले राहिले होते, दुसरे नव्हते. म्हणून ती नोंद मला जशी द्यावीशी वाटते तशी येथे देतो:

‘आंबागड. तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरांवर सातपुड्याच्या रांगेतील टेकडीवरील किल्ला. तटबंदी व बुरूज यांचे अवशेष आहेत. देवगडच्या बख्त बुलंद शहाचा सुभेदार राजा खान पठाण याने सुमारे १७०० मध्ये तो बांधला, अशी नोंद संदर्भग्रंथांत मिळते. हा काळ राजाच्या कारकिर्दीवरून धरलेला दिसतो. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि नंतर इंग्रजांकडे गेला. रघूजी भोसल्यांच्या काळात येथे कैदी ठेवीत व त्यांना येथील विहिरीचे बाधणारे पाणी पाजून मारीत, असे परिसरात सांगतात आणि संदर्भग्रंथांतही लिहिलेले आढळते. कैद्यांची नावे मिळत नाहीत.’

शेवटचे वाक्य कोणत्याही संदर्भात नव्हते. पण ते तपासून लिहिले आहे.